गुडघे माझे, पुण्य सर्वांचे

परोपकार अवश्य करावा, पण तो शक्यतो बसून करावा, असं वयाच्या सहासष्टाव्या वर्षापर्यंत माझं ठाम मत होतं. बसून चेक लिहिता येतो, बसून पावती घेता येते, आणि हल्ली तर आडवं पडल्या पडल्या मोबाइलवरून पैसे पाठवता येतात. इतकी सोय झालेली असताना, एका शाळेला पुस्तकांची दोन कपाटं मिळावीत म्हणून निवृत्त माणसाने महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर का चढायचं, हे मला चढायच्या आधी कळलं नव्हतं. चढताना विचारायला श्वास नव्हता. आणि उतरल्यावर विचारलं तेव्हा सगळे म्हणाले, "आता झालं ना एकदाचं? मग कशाला उकरून काढता!"

त्याचं असं झालं. अकोले तालुक्यातल्या डोंगराळ भागातल्या एका जिल्हा परिषद शाळेला वाचनालय करून द्यायचा ठराव आमच्या ज्येष्ठ नागरिक संघाने एकमताने मंजूर केला. आमच्याकडे ठराव एकमतानेच मंजूर होतात. मतभेद वर्गणीच्या वेळी सुरू होतात. ठरावाला टाळ्या भरपूर पडल्या, म्हणून लगेच डबा फिरवला. तो परत आला तेव्हा त्यात थोड्या नोटा, बरीच नाणी, शर्टाचं एक बटण आणि चष्म्याच्या दुकानाचं मुदत संपलेलं सवलतीचं कुपन निघालं. खजिनदारांनी कुपनाची मुदत दोनदा वाचून पाहिली, यावरून परिस्थितीची कल्पना यावी.

तेव्हा चिटणीस उठले. त्यांचा मुलगा इंग्लंडात असतो. त्यामुळे गटार तुंबलं तरी त्यांच्याकडे तिकडचा तोडगा तयार असतो.

"तिकडे नुसते पैसे मागितले तर कोणी देत नाही," ते म्हणाले. "आधी आपण आपले हाल करून घ्यायचे. पळायचं, पोहायचं, डोंगर चढायचा. लोक त्या हालांचे पैसे देतात."

मग त्यांनी कॅप्टन टॉम मूर यांची गोष्ट सांगितली. २०२० च्या टाळेबंदीत, शंभरावा वाढदिवस तोंडावर आलेला असताना, या गृहस्थांनी वॉकर धरून आपल्या बागेत शंभर फेऱ्या मारायचं ठरवलं. आरोग्यसेवेच्या मदतीसाठी हजार पौंड जमवावेत, एवढाच बेत होता. जमले तीन कोटी वीस लाखांच्या वर. सभागृहात शांतता पसरली. प्रत्येकजण मनातल्या मनात पौंडांचे रुपये करत होता.

"फेऱ्या आपणही मारू," अध्यक्ष म्हणाले. "पण आपल्याला बाग कुठाय? पार्किंग आहे."

पार्किंगमध्ये विनाकारण फेऱ्या मारणाऱ्याला रखवालदार हटकतो, हे एका सभासदाने स्वानुभवावरून सांगितलं. तेव्हा डोंगरच ठरला. आणि डोंगरच चढायचा तर लहान कशाला? म्हणून कळसूबाई. उंची १६४६ मीटर. शिवाय पायथ्याचं बारी गाव अकोले तालुक्यातच, म्हणजे येताना शाळेलाही भेट देता येईल. एका भाड्यात दोन कामं होतात म्हटल्यावर विरोधाचा प्रश्नच उरला नाही.

प्रश्न उरला तो चढायचं कोणी हा. अध्यक्षांनी तत्काळ दोन्ही हातांनी गुडघे चोळले. "माझे दोन्ही बदललेत." उपाध्यक्षांनी स्टेंट जाहीर केला, तोच मागच्या रांगेतून "माझे दोन आहेत!" असा आवाज आला. एकाची मणक्यातली गादी सरकली होती. दुसऱ्याने आपल्याला चक्कर येते असं सांगितलं आणि सभेचा विश्वास बसावा म्हणून थोडी आणूनही दाखवली. ही सगळी मंडळी रोज सकाळी टेकडीवर भेटतात आणि "या वयातही एक गोळी नाही हो!" असं एकमेकांना ऐकवतात. त्या संध्याकाळी मात्र प्रत्येकाच्या पिशवीतून एक्स-रे निघाला. माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे दाखवण्यासारखं काहीच नव्हतं.

"साखर जरा बॉर्डरवर आहे," मी चाचरत म्हणालो.

"बॉर्डरवर जवान असतात!" अध्यक्ष कडाडले, आणि टाळ्यांच्या गजरात माझी निवड झाली.

घरी बातमी सांगितली. बायको भाजी निवडत होती. "अहो, तुम्हाला दुसऱ्या मजल्यावर यायला लिफ्ट लागते."

"अगं, पण हे परोपकारासाठी आहे."

"मग परोपकार म्हणून आधी माळ्यावरचे डबे काढून द्या."

डबे काढताना लचकलेली मान हीच माझ्या गिर्यारोहणातली पहिली दुखापत.

यानंतर देणगीदार गाठायचे होते. योजना साधी होती: मीटरमागे एक रुपया, म्हणजे प्रत्येकी १६४६ रुपये. पहिल्यांदा गेलो तिसऱ्या मजल्यावरच्या ऑडिटरसाहेबांकडे. निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी त्यांची पेन्सिल निवृत्त झालेली नाही.

"ही १६४६ मीटर उंची समुद्रसपाटीपासूनची," ते म्हणाले. "तुम्ही समुद्रापासून चालत येणार आहात का?"

"नाही. बारीपर्यंत जीपने."

"म्हणजे बारीची उंची वजा. ती जीपने चढली." पेन्सिल चालली. "वाटेत लोखंडी शिड्या आहेत म्हणे. तिथे हातांनीही जोर लावतात. शिड्यांचे निम्मे धरू."

"आणि उतरायचे?"

"उतरायचे कसले पैसे? ते गुरुत्वाकर्षण करतं."

दुसऱ्या एका सद्गृहस्थांनी ८०जी ची चौकशी केली. आमच्या संघाची तशी नोंदणी आहे, हे सांगितल्यावर त्यांचा चेहरा उतरला. "पण मी नव्या करप्रणालीत गेलोय हो. तिथे देणगीची वजावट मिळत नाही." त्यांच्या शेजाऱ्यांची प्रणाली जुनीच होती, पण त्यांना रोख द्यायचे होते आणि दोन हजारांवरच्या रोख देणगीला वजावट नसते. "तेवढ्यासाठी थांबलोय," ते म्हणाले. मी त्यांच्याकडे १६४६ च मागत होतो, हे त्यांच्या लक्षात आणून दिल्यावर त्यांना अचानक गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं. बरेच जण वहीत ५०१ लिहीत आणि एक रुपया लगेच हातावर ठेवत. पाचशे शिखर सर केल्यावर.

मेहुण्यांचा हिशेब वेगळाच होता. "भावजी, वर पोहोचलात तर हजार देतो," ते म्हणाले. "आणि अर्ध्यातून परत आलात तर दोन हजार!" माझ्या अपयशाला दुप्पट भाव देणारा हा एकच माणूस, पण त्यामुळे शाळेचं हित नक्की कशात आहे, याबद्दल माझ्या मनात घोळ झाला.

सगळ्यांत शहाणा देकार बंगळूरच्या मुलीचा होता. "बाबा, मी दहा हजार देते. पण तुम्ही जाऊ नका."

मला हे शंभर टक्के पटलं. शाळेला कपाट, मला झोप. मी धावत अध्यक्षांकडे गेलो. "न चढण्याचे पैसे घेतले तर संघाची काय अब्रू राहील?" ते म्हणाले. "तत्त्व म्हणून काही आहे की नाही?" गुडघे दुसऱ्याचे असले की तत्त्वांना धार येते.

आता डॉक्टर. त्यांनी छातीला तारा लावून मला पट्ट्यावर चालवलं. २२० मधून वय वजा केलं की हृदयाच्या ठोक्यांची ढोबळ कमाल मर्यादा निघते. माझी निघाली १५४. ऑडिटरसाहेबांनंतर वजाबाकीने माझ्या बाजूने निकाल द्यावा, अशी अपेक्षाही नव्हती. पट्ट्याचा वेग आणि चढ दर तीन मिनिटांनी वाढतो. तिसऱ्या वाढीला मी "पोहोचलो का?" असं विचारलं म्हणतात. मला आठवत नाही.

"हृदय अगदी चांगलं आहे," डॉक्टर म्हणाले.

मी लगेच वही पुढे केली.

"तुमचं म्हणालो मी," ते म्हणाले आणि त्यांनी बिल पुढे केलं.

हाडांच्या डॉक्टरांनी आणखी ज्ञान दिलं. चढताना दम लागतो, पण गुडघ्यांवर खरा भार येतो तो उतरताना. "मग उतरायचं टाळता येईल का?" मी विचारलं. हा प्रश्न वेडगळ नाही. आमच्या ग्रुपवर अध्यक्ष रोज सकाळी जपानच्या युइचिरो मिउरांचा फोटो टाकत होते. हे मिउरा २०१३ साली ऐंशीव्या वर्षी एव्हरेस्टवर पोहोचले. तेही हृदयावर अनेक शस्त्रक्रिया झालेल्या असताना. फोटोखाली "यांना जमतं, मग आपल्याला का नाही?" असं लिहिलेलं असे. मी खोलात शिरून वाचलं तेव्हा कळलं की मिउरा उतरताना सुमारे साडेसहा हजार मीटरवरून हेलिकॉप्टरने परतले. मी ही माहिती ग्रुपवर टाकून नम्रपणे हेलिकॉप्टरची मागणी केली. त्यानंतर मिउरांचे फोटो यायचे बंद झाले.

सराव पर्वतीपासून सुरू केला. पर्वतीला १०३ पायऱ्या आहेत आणि साधारण तेवढेच सल्लागार. एक म्हणाले, "श्वास नाकाने घ्या." दुसरे म्हणाले, "तोंडाने सोडा." तिसरे म्हणाले, "चढताना अजिबात बोलायचं नाही," आणि देवदेवेश्वरापर्यंत तेच बोलत राहिले. मी तिघांचं एकदम ऐकलं आणि मधेच श्वास घ्यायचा राहूनच गेला. मग सिंहगड. तिथे चढाईपेक्षा वरची व्यवस्था घातक. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही, आणि "एवढं चढून आलो आहोत" हे आपलंच आपल्याला प्रमाणपत्र. सरावाच्या अखेरीस माझं वजन दोन किलोंनी वाढलं. "मीटरऐवजी किलोवर दर लावला असतात तर शाळेची इमारत उभी राहिली असती," बायको म्हणाली.

बुटांच्या दुकानातल्या मुलाने माझा उत्साह पाहून आधी हिमालयात चालणारे बूट काढले. "अंकल, कुठला समिट?"

"कळसूबाई," मी जरा छाती काढून म्हणालो.

"ओह," त्याने ते बूट परत खोक्यात भरले. "मग हे चालतील." हे म्हणजे मी भाजी आणायला वापरतो त्याच जातीचे होते; फक्त किंमत चौपट आणि नाड्या भगव्या. सोबत मिटवता येणारी काठी घ्यायला लावली. तिचा मिटण्याचा गुण मला पुढे शिड्यांच्या खालच्या घसरड्या वाटेवर कळला. मी तिच्यावर भार टाकला आणि ती नम्रपणे एक फूट झाली.

डिसेंबरातल्या एका पहाटे आम्ही बारीत पोहोचलो. आम्ही म्हणजे मी, फोटो काढायला चिटणीस, आणि बायको. बायको फक्त "वेळेवर गोळ्या द्यायला" आली होती. पायात नेहमीच्या चपला, खांद्यावर चिवडा, लाडू, थर्मास आणि शाल यांनी फुगलेली पिशवी. जीपवाल्याने वाटेत कळसूबाईची कथा सांगितली. कळसू नावाची मुलगी एका घरी कामाला राहिली. तिची अट एकच, केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. पुढे एकदा घरच्यांनी तिला भांडी घासायला लावली. तिने घासली आणि रागाने जी डोंगरावर निघून गेली, ती कायमची.

"एकदाच घासली?" बायकोने विचारलं.

"हो ताई."

"आणि लोक तिची पूजा करतात?"

"तर! नवरात्रात केवढी जत्रा भरते."

बायकोने माझ्याकडे असं काही पाहिलं की मी खिडकीतून घाईघाईने डोंगर बघू लागलो. जीपमधून उतरल्यावर ती ज्या निर्धाराने चढायला लागली, त्यावरून ती परत येईल की नाही याची मला शंकाच आली. पहिलं पठार येईपर्यंत ती दिसत होती. नंतर नुसतीच पिशवी दिसत होती. मग तीही दिसेना.

मी दर दहा पावलांनी निसर्ग बघायला थांबत होतो. निसर्ग खूप असल्यामुळे थांबावंही खूप लागलं. कॉलेजची पोरं बाजूने उड्या मारत वर जात होती. त्यातला एक थांबला.

"आजोबा, वय काय?"

"सहासष्ट."

"लेजंड! माझे आजोबा तर घराबाहेरच पडत नाहीत." मला त्या अनोळखी आजोबांचा मनापासून हेवा वाटला.

पहिली लोखंडी शिडी आली. लांबून या शिड्या सोप्या वाटतात. जवळ गेलं की त्यांच्यावर वाहतूक असते. वरून उतरणारे, खालून चढणारे, आणि बरोबर मधोमध सेल्फी काढणारे. माझ्या डोळ्यांसमोर पुढच्याच्या बुटांचे तळवे आणि मागून "काका, टाइम घ्या, घाई नाही," असे आवाज. हे म्हणणारा प्रत्येकजण घाईत होता. शिडी संपल्यावर मी बसलो आणि ऊर्जेसाठी चिक्कीचं पाकीट फोडलं. एका माकडाने ते माझ्या हातातून शांतपणे काढून घेतलं. त्याने पाकिटावरची माहितीही वाचली असावी, कारण मागून माझ्या पाण्याच्या बाटलीसाठी परत आलं. माझ्याकडून त्या दिवशी कसलीही हमी न मागता लाभ घेणारा तोच एकटा.

वाटेत एका आजींचं लिंबू सरबताचं दुकान होतं. म्हणजे चार बांबू, वर फाटकी ताडपत्री आणि खाली पाण्याचा हंडा. हंडा त्यांनी पहाटे खालून डोक्यावर आणला होता. अनवाणी. वय त्यांना नक्की माहीत नव्हतं, पण माझ्यापेक्षा जास्त होतं, एवढं आम्ही दोघांनी मिळून ठरवलं.

"कशापायी चढता एवढं, बाबा?" त्यांनी ग्लास देत विचारलं. "नवस हाय का?"

"नाही. शाळेसाठी पैसे गोळा करतोय."

त्यांनी वर शिखराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "वर कुनी पैसं ठेवलंत का?"

"नाही. पैसे खालचेच लोक देणार."

"मग खालीच गोळा करायचे ना!"

मी त्यांना कॅप्टन टॉम मूर, मीटरचा दर आणि हालांचं अर्थशास्त्र जमेल तेवढं समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजी तुमास्नी धाप लागली का त्ये पैसं देत्यात?"

"हो."

"आनि धाप नाय लागली तर पोरांना पुस्तकं नाय?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. अध्यक्षांकडे, चिटणिसांकडे आणि अख्ख्या इंग्लंडकडेही असेल असं वाटत नाही. मी दुसरा ग्लास मागितला. आजींचा नातू त्याच शाळेत होता. "पुस्तकं द्या," त्या म्हणाल्या, "पन लई जाड नको. पोरगं वाचाया बसलं तर हंडा कोन आनंल?" दोन ग्लासांचे पूर्ण पैसे त्यांनी मोजून घेतले. रोज तो डोंगर चढणाऱ्या बाईला मीटरमागे एक पैसाही कुणी लावलेला नव्हता.

शेवटच्या शिडीच्या अलीकडे विहीर आहे. तिथे बायको सावलीत बसून दोन तरुण मुलींना चिवडा वाढत होती. "आलात?" ती म्हणाली. "गोळी घ्या." मग आम्ही शिडी चढून वर गेलो. वर कळसूबाईचं छोटंसं मंदिर, आणि भोवती सगळा सह्याद्री उघडा पडलेला. अलंग, मदन, कुलंग एका बाजूला रांगेत, खाली भंडारदऱ्याचं पाणी. मी हात जोडले. बायकोने देवीला साडीचोळी वाहिली आणि तिच्याशी बराच वेळ हळू आवाजात बोलत उभी राहिली. काय बोलली ते सांगायला ती तयार नाही. पण घरी आल्यापासून रात्रीची भांडी मी घासतो.

आता पुराव्याचा फोटो. संघाने सहा फुटी बॅनर छापून घेतला होता. त्यावर अध्यक्षांचा फोटो मोठा, उपाध्यक्ष, चिटणीस आणि खजिनदार यांचे मध्यम, शाळेचं नाव लहान. माझ्यासाठी जागा उरली नव्हती, कारण मी प्रत्यक्ष असणारच होतो. शिखरावर वारा भन्नाट. बॅनर उलगडला आणि त्याने मलाच पाठीमागे न्यायला सुरुवात केली. एका मुलाने माझा कमरेचा पट्टा धरला, दुसऱ्याने काठी धरली, ती मिटली. चिटणिसांनी धडाधड फोटो काढले. नंतर पाहिलं तर सगळ्या फोटोंत बॅनर होता आणि त्याखाली भगव्या नाड्यांचे बूट.

उतरण्याबद्दल फार लिहीत नाही. हाडांचे डॉक्टर शब्दाशब्दाला खरे ठरले. गुरुत्वाकर्षणाने आपलं काम केलं, पण माझ्या गुडघ्यांना विचारून केलं नाही.

संध्याकाळी शाळेत गेलो. मुलांना गोळा करून गुरुजींनी सांगितलं, "हे आजोबा आज आपल्यासाठी कळसूबाई चढून आले." मुलं गप्प. यात सांगण्यासारखं काय आहे, हे त्यांना कळेना. एका मुलीने विचारलं, "दुकान लावायला गेलेले का?"

पुण्यात परतल्यावर खरी चढाई सुरू झाली. ऑडिटरसाहेबांनी फोटो भिंगाखाली धरला. "यात अध्यक्ष शिखरावर दिसतात. तुम्ही दिसत नाही."

"बूट बघा ना!"

"बूट कोणाचेही असतील."

"बायको साक्षीदार आहे. ती माझ्या आधी पोहोचली होती."

"वहिनी चढल्या? मग त्यांचं नाव यादीत का नाही? अनधिकृत चढाई झाली ही." त्यांनी तेवढ्यावरून आणखी काही मीटर वजा केले. मेहुण्यांनी हजार दिले, पण शिखर गाठल्याबद्दल फोनवर खेद व्यक्त करून. नव्या करप्रणालीवाले पुढच्या वर्षी जुन्या प्रणालीत परतण्याचा विचार करत आहेत. ५०१ वाले लिफ्टमध्ये भेटतात, पण मी आत शिरलो की त्यांना जिन्याने जाण्याचं आरोग्यदायी महत्त्व पटतं. दारोदार फिरताना मी जेवढे जिने चढलो, ते एकावर एक रचले तर कळसूबाई नक्की ओलांडून जाईन.

आणि मुलीचे दहा हजार? ते मी बारीला निघालो त्याच्या आदल्या रात्रीच जमा झाले होते. "तुम्ही ऐकणार नाही हे माहीत होतं," ती म्हणाली. "पण शाळेचा यात काय दोष?" आजवर जमलेल्या रकमेत तोच आकडा सर्वांत मोठा आहे, आणि त्यासाठी मी एकही मीटर चढलेलो नाही.

परवा संघाची पुन्हा सभा झाली. या वेळी शाळेला पाण्याची टाकी द्यायचा ठराव आहे, एकमताने. चिटणिसांनी साल्हेरचं नाव काढलं. उंची १५६७ मीटर, महाराष्ट्रातला सर्वांत उंच किल्ला. "म्हणजे गेल्या वेळेपेक्षा सोपाच!" अध्यक्ष म्हणाले. सभेत पुन्हा फाइली निघू लागल्या. मी सगळ्यांत आधी उठलो. या वेळी माझ्याकडे दोन्ही गुडघ्यांचे एक्स-रे होते, रंगीत पाकिटात.

तेव्हा संघाच्या सभासदांना आणि वाचकांना एकच विनंती. शाळेला पुस्तकं, टाकी, पंखे, काय द्यायचं असेल ते देऊन टाका. त्यासाठी कुणा म्हाताऱ्याला धाप लागायची वाट पाहू नका. पैसे तेवढेच लागतात. शाळेचं एक कपाट भरलं आहे, दुसरं अजून अर्धं रिकामं आहे. खजिनदार रोज संध्याकाळी सहा ते सात कार्यालयात बसतात, आणि कार्यालय तळमजल्यावर आहे.